उपग्रह आणि ड्रोनच्या प्रतिमांवरून वाळू-गोट्यांचे आकारमान, सच्छिद्रता व ओलावा कितपत सांगता येतो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजूत कुठे चुकली असेल तर तुम्हाला ती लगेच दाखवता येईल. नदीच्या उघड्या पात्रातील वाळू आणि गोट्यांच्या गाळपट्ट्यांचे तीन नकाशे तुम्हाला तयार करायचे आहेत: कणांचे मध्यक आकारमान (निम्मा गाळ ज्याहून बारीक आणि निम्मा भरड असतो ते माप), सच्छिद्रता (कणांमधल्या पोकळीचा वाटा) आणि ओलावा. हाताशी सेंटिनेल-२ उपग्रहाच्या प्रतिमा आहेत, १० मीटर उंचीवरून ड्रोनने काढलेली छायाचित्रे आहेत, आणि तीन गाळपट्ट्यांवरील ४० नमुने आहेत. हे नमुने वरच्या १० सेंटिमीटर थरातून फावड्याने उचललेले, प्रत्येकी सुमारे २ किलो वजनाचे आहेत. चाळणीचे निकाल आणि प्रतिमेतील मूल्ये यांची जोड घालून तुम्ही रॅण्डम फॉरेस्ट हे, उदाहरणांवरून शिकणारे संगणकी मॉडेल बसवले. त्याच तीन पट्ट्यांवर निर्धारण गुणांक (मॉडेलची उत्तरे मोजमापाशी किती जुळतात ते सांगणारा आकडा; १ म्हणजे पूर्ण जुळणी) ०.९ च्या जवळ आला, चौथ्या पट्ट्यावर मात्र उत्तरे पार भरकटली. आता याहून सरस मॉडेल कोणते, असे तुम्ही विचारले आहे.

माझ्या मते अडचण मॉडेलमध्ये नाही. प्रतिमेने जे पाहिले ते एक आणि तुमच्या चाळणीने जे मोजले ते दुसरेच, असे झाले आहे, आणि कोणतेही मॉडेल या दोहोंमधली फट बुजवू शकणार नाही. प्रतिमेत कणांचे आकारमान नसते, ओलावा नसतो, आणि सच्छिद्रता तर मुळीच नसते. तिच्यात असतो तो पृष्ठभागावरून परतलेला प्रकाश, आणि वाळूच्या बाबतीत हा प्रकाश वरच्या काही कणांच्या थरातून, म्हणजे जेमतेम काही मिलिमीटरच्या पापुद्र्यातून येतो. तेव्हा प्रत्येक गुणधर्माबाबत पहिला प्रश्न असा हवा की हा गुणधर्म बदलला तर त्या पापुद्र्यातून परतणारा प्रकाश बदलतो का, कोणत्या कारणाने बदलतो, आणि तसाच बदल घडवणारे दुसरे काय काय तिथे हजर आहे. तुमच्या तीन गुणधर्मांना हा प्रश्न लावला की तीन अगदी वेगळी उत्तरे मिळतात.

उपग्रहापासून सुरुवात करू. वेंटवर्थ यांनी १९२२ साली मांडलेल्या आणि आजही रूढ असलेल्या वर्गवारीनुसार ०.०६२५ ते २ मिलिमीटरचे कण म्हणजे वाळू, आणि ६४ ते २५६ मिलिमीटरचे म्हणजे गोटे. समजा, तुमच्या वाळूचा सरासरी कण ०.३ मिलिमीटरचा आहे. सेंटिनेल-२ च्या १० मीटरच्या पिक्सेलच्या एका कडेवर असे सुमारे ३३,००० कण ओळीने बसतात, आणि पिक्सेलच्या संपूर्ण पृष्ठभागावर १०० कोटींहून अधिक. त्यांतला एकही कण प्रतिमेत दिसत नाही. दिसते ती सगळ्यांची मिळून एक चमक, निरनिराळ्या तरंगपट्ट्यांत मोजलेली. म्हणून उपग्रहाकडून आकारमान काढायचे म्हणजे ते चमकेवरून अनुमानाने काढायचे, आणि चमक अनेक कारणांनी बदलते.

आकारमानाचा चमकेशी संबंध आहे, हे खरे. क्वार्ट्झसारख्या पारदर्शक खनिजाचा कण जितका मोठा, तितका प्रकाशाचा त्याच्या आतला प्रवास लांब आणि शोषले जाण्याची संधी जास्त. कण बारीक झाले की दर थोड्या अंतरावर नवा पृष्ठभाग आडवा येतो, प्रकाश लवकर विखुरतो आणि बाहेर पडतो. म्हणून एकाच खनिजाची कोरडी बारीक वाळू भरड वाळूपेक्षा उजळ दिसते. प्रयोगशाळेत धुऊन, वाळवून, चाळून वेगळ्या केलेल्या वाळूवर हा संबंध इतका स्वच्छ दिसतो की नदीवरही तो तसाच मिळेल, असा भरवसा वाटू लागतो. नदीवर मात्र खनिज एकच नसते. इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट या काळ्या, अपारदर्शक खनिजांची घनता घनसेंटिमीटरला अनुक्रमे ४.७ आणि ५.२ ग्रॅमच्या आसपास असते, तर क्वार्ट्झची २.६५. वाहते पाणी कणांची निवड निव्वळ आकारमानावर करत नाही, वजनाचाही हिशेब त्यात असतो. त्यामुळे मोठ्या हलक्या कणांसोबत लहान जड कण एकाच जागी स्थिरावतात. गाळपट्ट्यावर ज्या काळसर रेघा दिसतात त्यांतले काळे कण शेजारच्या पांढऱ्या वाळूपेक्षा बहुधा बारीकच असतात. तुमच्या मॉडेलला मात्र त्या रेघा काळ्या म्हणजे भरड, किंवा काळ्या म्हणजे ओल्या वाटणार. त्यात कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा तांबूस लेप असेल तर तो निळ्या तरंगपट्ट्यातली चमक आणखी कमी करतो. तुमच्या पहिल्या तीन पट्ट्यांवर काळी खनिजे आणि भरडपणा योगायोगाने एकत्र आले असतील आणि चौथ्यावर नसतील, तर जे घडले ते घडणारच होते.

आणि या सगळ्यांवर मात करतो तो ओलावा. कोरड्या वाळूचा लहानसा ढीग करून त्यावर पाण्याचा एक थेंब सोडा. डाग क्षणात गडद होतो, कण मात्र तेच, तेवढेच आणि तिथेच असतात. असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. हवेचा अपवर्तनांक १, पाण्याचा १.३३ आणि क्वार्ट्झचा १.५४ च्या आसपास. कणांमधल्या हवेच्या जागी पाणी आले की कण आणि त्याच्या भोवतालची पोकळी यांतला फरक कमी होतो, प्रकाश मागे फिरण्याऐवजी पुढे जास्त जातो, अधिक खोल उतरतो आणि वाटेत शोषला जातो. शिवाय कणांवर पाण्याचा पातळ थर असेल तर बाहेर निघू पाहणारा प्रकाश त्या थराच्या वरच्या पृष्ठभागावरून पुन्हा आत परततो. हे दुसरे कारण अँगस्ट्रॉम यांनी १९२५ मध्येच मांडले होते. या दोन्ही परिणामांमुळे चमकेत पडणारा फरक बारीक आणि मध्यम वाळूच्या चमकेतल्या फरकापेक्षा सहज मोठा असतो. म्हणजे दृश्य तरंगपट्ट्यांतून आकारमान काढताना ओलावा हा किरकोळ अडथळा मानता येत नाही. सर्वांत मोठा संकेत त्याचाच असतो आणि आकारमानाचा संकेत त्याच्याखाली दबलेला असतो.

याची चांगली बाजू अशी की तुमच्या तीन गुणधर्मांपैकी पृष्ठभागाचा ओलावा हाच उपग्रहाला सर्वांत प्रामाणिकपणे दिसतो. पाण्याचे ठळक शोषण १.४ आणि १.९ मायक्रॉनला आहे, पण त्या ठिकाणी हवेतली वाफच प्रकाश खाऊन टाकते, म्हणून उपग्रह त्यांच्या शेजारच्या खिडक्यांतून पाहतात. सेंटिनेल-२ मध्ये १.६ आणि २.२ मायक्रॉनच्या आसपासचे दोन लघुतरंग अवरक्त पट्टे त्यासाठी उपयोगी पडतात. त्यांचा पिक्सेल मात्र २० मीटरचा आहे. या दोन पट्ट्यांतली घट आणि दृश्य पट्ट्यांतली घट यांची तुलना केली की काळी खनिजे आणि पाणी यांच्यात बऱ्याच अंशी फरक करता येतो, कारण काळे खनिज सर्वच पट्टे कमी-अधिक सारखे दाबते, तर पाणी लांब तरंगलांबीकडे जास्त दाबते. मर्यादा दोन आहेत. ठरावीक ओलाव्यापलीकडे चमक आणखी उतरत नाही, आणि पृष्ठभागावर पाणी साचले की आरशासारखे परावर्तन होऊन ती उलट वाढूही शकते. दुसरी मर्यादा वेळेची आहे. हा उपग्रह स्थानिक सौरवेळेनुसार सकाळी साडेदहाच्या सुमारास वरून जातो. उन्हात वरचे दोन-तीन मिलिमीटर तासा-दोन तासांत वाळतात आणि बोटभर खाली वाळू ओलीच राहते. दुपारी तीन वाजता १० सेंटिमीटर खोलीपर्यंत उचललेल्या नमुन्याचा ओलावा आणि साडेदहाच्या पापुद्र्याचा ओलावा यांची सांगड बसेलच, असे मानायला कोणतेही कारण नाही.

इथे मला माझा एक अनुभव सांगावासा वाटतो, कारण तुमच्या फावड्याचा उल्लेख वाचताच तो आठवला. एका गाळपट्ट्यावर मी आणि माझ्या सहकाऱ्यांनी आठवडाभर खपून नमुने घेतले होते, तुमच्याप्रमाणेच वरच्या १० सेंटिमीटरमधून. चाळणीने मध्यम वाळू सांगितली, आणि जवळून काढलेली छायाचित्रे ती २ ते ४ मिलिमीटरची बारीक खडी असल्याचे ठामपणे सांगत होती. आम्ही छायाचित्रांच्या गणितात चूक शोधत राहिलो. शेवटी परत जाऊन, गुडघ्यावर बसून भिंगातून पाहिले. पट्ट्यावर खडीचा फक्त एका कणाच्या जाडीचा थर पसरला होता. वाऱ्याने आणि ओसरत्या पाण्याने बारीक वाळू उचलून नेली होती आणि जड खडे जागीच राहिले होते. सुरीच्या पात्याने तो थर सरकवला की खाली सगळी मध्यम वाळू. छायाचित्र आणि चाळणी, दोन्ही बरोबर होती, फक्त त्यांनी वेगवेगळे पदार्थ पाहिले होते. गोट्यांच्या नद्यांत तर असा भरड वरचा थर ही नेहमीचीच गोष्ट आहे, आणि वरचे मध्यक आकारमान खालच्या थराच्या दुप्पट निघणे मुळीच दुर्मिळ नाही. तेव्हापासून मी प्रतिमेशी जुळवायचा नमुना वेगळा घेते. वाळू असेल तर जाड पुठ्ठ्यावर दुहेरी चिकटपट्टी लावून ती पृष्ठभागावर हलकेच दाबते, म्हणजे वरचा पापुद्राच तेवढा उचलला जातो. खालच्या थराचा नमुना हवाच असेल तर तो स्वतंत्र पिशवीत, स्वतंत्र क्रमांकाने.

भरड भागाबाबत तुमच्या नमुन्यांच्या वजनाचाही विचार करायला हवा. ६४ मिलिमीटरचा एक गोल गोटा सुमारे ३६० ग्रॅमचा भरतो. सर्वांत मोठा दगड संपूर्ण नमुन्याच्या एक टक्क्याहून जड नसावा, हा प्रचलित निकष लावला तर नमुना ३६ किलोंचा हवा. २ किलोच्या पिशवीत एक गोटा आला की मध्यक एकीकडे झुकतो, नाही आला की दुसरीकडे. गोट्यांच्या पट्ट्यावर पिशवी भरण्याऐवजी वोल्मन यांची १९५४ पासून वापरात असलेली रीत बरी: ठरावीक अंतरावर पावले टाकत १०० दगड उचलायचे आणि प्रत्येकाचा मधला अक्ष (सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड यांच्या मधले माप) मोजायचा. तीही पृष्ठभागाचेच मोजमाप देते, त्यामुळे प्रतिमेशी तिची जात जुळते.

आता ड्रोनकडे वळू. तुम्ही कॅमेऱ्याचे नाभीय अंतर ८.८ मिलिमीटर आणि संवेदकावरील पिक्सेल २.४ मायक्रॉन असे दिले आहे. १० मीटर उंचीवरून जमिनीवरचा पिक्सेल सुमारे २.७ मिलिमीटरचा पडतो. दगडाची कडा ओळखून त्याचे माप घेणाऱ्या पद्धतींना, म्हणजे बेसग्रेन किंवा पेबलकाउंट्स यांसारख्या आज्ञावलींना, दगडाच्या मधल्या अक्षावर साधारण २० पिक्सेल असले तर विश्वासाने काम करता येते. २० गुणिले २.७ म्हणजे सुमारे ५५ मिलिमीटर. याचा अर्थ तुमच्या छायाचित्रांत ५५ मिलिमीटरखालचे दगड दिसतील, पण त्यांचे माप भरवशाचे असणार नाही, आणि आज्ञावली ते गाळेल किंवा दोन-तीन दगड एकत्र करून एक मोठा दगड म्हणून मोजेल. त्यातून निघणारे मध्यक आकारमान खऱ्यापेक्षा मोठे येते, आणि ते मोठे आले आहे हे आकड्याकडे पाहून कळत नाही. ५ मीटरवर उतरलात तर ही सीमा २७ मिलिमीटरच्या आसपास येते. वाळूसाठी मात्र हे गणित चालतच नाही: ०.३ मिलिमीटरच्या कणावर तीन पिक्सेल हवे असतील तर त्या कॅमेऱ्याला जमिनीपासून ३७ सेंटिमीटरवर आणावे लागेल. म्हणजे वाळूचे आकारमान ड्रोनच्या छायाचित्रातून थेट मोजायचे नाही. ते हातातल्या कॅमेऱ्याने, अर्ध्या मीटरच्या आतून काढलेल्या छायाचित्रातून मोजायचे.

या दोन टोकांच्या मधे पोताच्या, म्हणजे प्रतिमेतल्या उजेड-काळोखाच्या बारीक चढउतारावर आधारलेल्या, पद्धती आहेत. २००४ मध्ये रुबिन यांनी दाखवले की एकेक कण वेगळा न करताही, प्रतिमा स्वतःवरच थोडी थोडी सरकवून तिचा स्वतःशी असलेला सहसंबंध किती वेगाने उतरतो, यावरून कणांचे सरासरी आकारमान काढता येते. भरड गाळात हा सहसंबंध सावकाश उतरतो, बारीक गाळात लवकर. त्याच वर्षी कार्बोनो आणि सहकाऱ्यांनी हवाई छायाचित्रांतील स्थानिक पोतावरून गोट्यांच्या नदीपात्राचे नकाशे केले. या पद्धती मला आवडतात, कारण त्यांची अपेक्षा माफक आहे आणि त्या स्थानिक मोजमापावर बेतून घेता येतात. पण पोत म्हणजे केवळ कण नव्हे. तिरप्या उन्हातल्या लांब सावल्या, वाळलेला शेवाळाचा थर, गवताची पाती, ओले-कोरडे ठिपके, हे सारे पोतच वाढवते. आणखी एक चूक मी वारंवार पाहिली आहे: छायाचित्रे जोडून केलेल्या अखंड नकाशावर पोत मोजला जातो. जोडताना आज्ञावली शेजारच्या छायाचित्रांचे मिश्रण करते आणि बारीक पोत पुसला जातो, तोही सगळीकडे सारखा नाही. जागा निश्चित करायला अखंड नकाशा वापरा, पण पोत मूळ सुट्या छायाचित्रांवर मोजा. उड्डाणाचा वेगही तपासा. सेकंदाला ३ मीटर वेग आणि १/५०० सेकंदाचा उघडझाप-वेळ म्हणजे ६ मिलिमीटरचा फराटा, तुमच्या दोन पिक्सेलहून जास्त. ढगाळ पण उजेडाच्या वेळी, संथ वेगाने किंवा थांबून घेतलेली छायाचित्रे या कामाला सर्वांत चांगली.

याच संदर्भात एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या आकड्यांतला मोठा भाग मला तिच्यामुळे बिघडलेला वाटतो. तुम्ही छायाचित्रातील दगड मोजून संख्येनुसार वितरण काढले आणि त्याची तुलना चाळणीच्या वजनानुसार वितरणाशी केली. समजा, एका चौकटीत १०० दगड आहेत: ८० दगड २ सेंटिमीटरचे आणि २० दगड ८ सेंटिमीटरचे. संख्येने मोठे दगड २० टक्के. आता क्षेत्रफळ पाहा. लहान दगडांचे क्षेत्र ८० गुणिले ४, म्हणजे ३२०; मोठ्यांचे २० गुणिले ६४, म्हणजे १,२८०. क्षेत्रफळाने मोठे दगड ८० टक्के. दगड तेच, छायाचित्र तेच, आणि उत्तर २० टक्के की ८० टक्के हे केवळ मोजायच्या रीतीवर ठरले. एकजीव मिश्रणाच्या छेदात एखाद्या घटकाने व्यापलेले क्षेत्र त्याच्या घनफळाच्या वाट्याइतके असते, हे डेलेस यांनी १८४७ मध्ये खडकांसाठी मांडले. केलरहाल्स आणि ब्रे यांनी १९७१ मध्ये नदीच्या गाळासाठी या निरनिराळ्या रीतींमधले रूपांतर दाखवून दिले. व्यवहारात सांगायचे तर छायाचित्रातील प्रत्येक दगडाला त्याच्या क्षेत्रफळाइतके वजन द्या, किंवा छायाचित्रावर समान अंतराची जाळी टाकून प्रत्येक छेदबिंदूखालचा दगड मोजा. तेव्हाच ते वितरण चाळणीच्या वजनाशी तोलता येते. शिवाय चौकोनी भोकाच्या चाळणीतून चपटा दगड तिरपा होऊन निसटतो, छायाचित्रात मात्र तो आडवा पडलेला, पूर्ण रुंदीने दिसतो. तुमचे दगड चपटे असतील तर हा फरक स्थानिक मोजमापावरून वेगळा दुरुस्त करावा लागेल.

सच्छिद्रतेबाबत मला स्पष्टपणे सांगितले पाहिजे की ती या प्रतिमांतून निघणार नाही. सारख्या गोलांची रचना चौकटीसारखी केली तर ४७.६ टक्के पोकळी राहते, दाटीवाटीने बसवली तर २६ टक्के, आणि दोन्ही बाबतींत गोलांचे आकारमान तेच असते. वरून पाहिलेला पापुद्रा या दोन रचनांमध्ये भेद करू शकत नाही, आणि तुम्हाला तर पापुद्र्याखालच्या थराची सच्छिद्रता हवी आहे. नमुन्यांवर शिकवलेले मॉडेल सच्छिद्रतेसाठी जो आकडा देते तो आकारमानातून आलेला असतो: मिश्र आकारमानाच्या गाळात लहान कण मोठ्यांच्या पोकळ्या भरतात आणि सच्छिद्रता उतरते, एवढाच धागा त्यात असतो. तो धागा वापरायला हरकत नाही, पण मग नकाशावर तसे लिहा आणि एकच आकडा देण्याऐवजी पल्ला द्या. प्रत्यक्ष मोजमाप अवघड नाही. १०० घनसेंटिमीटरचे धातूचे कडे वाळूत हलके ठोकून भरा, कडा सपाट कापा, भट्टीत वाळवा आणि वजन करा. कोरडे वजन १५८ ग्रॅम आले तर स्थूल घनता १.५८, आणि कणांची घनता २.६५ धरून सच्छिद्रता १ वजा १.५८ भागिले २.६५, म्हणजे सुमारे ४० टक्के. कणांत इल्मेनाइट भरपूर असेल तर २.६५ धरू नका, घनता मोजून घ्या. गोट्यांत कडे शिरत नाही; तिथे खड्डा खणून निघालेला सर्व माल वाळवून तोलायचा, आणि खड्ड्यात पातळ प्लास्टिक अंथरून पाणी भरून त्याचे घनफळ मोजायचे.

औष्णिक प्रतिमांचा, म्हणजे पृष्ठभागाचे तापमान टिपणाऱ्या प्रतिमांचा, उल्लेख तुम्ही शेवटी केला आहे, म्हणून थोडक्यात. औष्णिक जडत्व म्हणजे उष्णतावहन, घनता आणि विशिष्ट उष्णता यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ. ते जितके जास्त तितका दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक कमी. मंगळावर याच मार्गाने वाळू, धूळ आणि खडक वेगळे ओळखले जातात, मार्स ओडिसी यानावरील थेमिस या उपकरणाची १०० मीटरची औष्णिक चित्रे त्यासाठी वापरली जातात, आणि ते वाचून पृथ्वीवरही तसेच करण्याचा मोह होतो. पण मंगळाची हवा इतकी विरळ आहे की कणांमधल्या पोकळीचा आकार वायूच्या उष्णतावहनाला आवर घालतो, म्हणून तिथे कणांचे आकारमान तापमानात उमटते. आपल्या हवेच्या दाबाला तो आवर जवळजवळ नाहीसा होतो आणि पाण्याचा प्रभाव वरचढ ठरतो. कोरड्या क्वार्ट्झ वाळूचे जडत्व एसआय एककांत ६०० च्या आसपास धरले तर ओल्या वाळूचे ते तिप्पट होऊ शकते. म्हणजे औष्णिक प्रतिमा तुम्हाला पुन्हा ओलावाच सांगेल, आणि लँडसॅट ८ या उपग्रहाचा औष्णिक पिक्सेल १०० मीटरचा असल्याने तुमचा पट्टा त्यात शेजारच्या पाण्यासकट मिसळून जाईल.

रडारचेही तसेच. सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाची तरंगलांबी साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास आहे. ३५ अंशांच्या आपात कोनाला सुमारे ०.८ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचसखलपणा त्याला गुळगुळीत वाटतो. वाळू आणि गोटे यांत तो भेद करील, बारीक आणि मध्यम वाळूत नाही. त्यातही कोरड्या वाळूत रडार आत शिरते. १९८१ मध्ये कोलंबिया अंतराळयानावरील रडारला सहाराच्या वाळूखाली गाडलेली जुनी नदीपात्रे दिसली, ती याच कारणाने. परतलेला संकेत पृष्ठभागाचा की खालच्या थराचा, हे जागेनुसार ठरवावे लागते.

इथवरचे थोडक्यात असे: पृष्ठभागाचा ओलावा उपग्रहाकडून मिळू शकतो, वेळ जुळवली तर; गोट्यांचे आकारमान ड्रोनकडून मिळते, उंची आणि मोजायची रीत सांभाळली तर; वाळूचे आकारमान जवळच्या छायाचित्रातून; सच्छिद्रता फक्त जमिनीवरून.

आता निर्धारण गुणांकाबद्दल. ४० नमुने तीन पट्ट्यांवरचे आहेत, आणि एकाच पट्ट्यावरचे शेजारचे नमुने एकाच पुराने, एकाच उगमाच्या गाळाने घडवलेले असतात. त्यांतले काही शिकवायला आणि काही तपासायला यादृच्छिकपणे वाटले की तपासणीच्या प्रत्येक नमुन्याचा सख्खा शेजारी मॉडेलने आधीच पाहिलेला असतो. ०.९ हा आकडा मॉडेलला पट्टा ओळखता येतो एवढेच सांगतो. त्याऐवजी एक संपूर्ण पट्टा बाजूला ठेवा, उरलेल्यांवर शिकवा, बाजूच्या पट्ट्यावर तपासा, आणि आळीपाळीने हे प्रत्येक पट्ट्यासाठी करा. आकडा बराच खाली येईल, पण तोच तुमचा खरा आकडा आहे आणि चौथ्या पट्ट्याने तो तुम्हाला आधीच दाखवला आहे. स्वतंत्र पट्टे तीनऐवजी आठ-दहा झाले, तर नमुने तेवढेच राहिले तरी मी समाधानी असेन.

तुमच्या जागी मी असते तर पुढची फेरी अशी आखली असती. उपग्रहाच्या प्रतिमेवर आधीच असे तुकडे निवडले असते जे किमान ६० मीटर रुंद आणि डोळ्यांना एकजिनसी दिसतात, कारण २० मीटरच्या अवरक्त पिक्सेलचे तीन बाय तीन त्यात बसले तरच मधला पिक्सेल शेजाऱ्यांच्या मिसळीपासून आणि जागेच्या किंचित चुकीपासून वाचतो. एवढे रुंद तुकडे तुमच्या नदीत नसतील तर उपग्रहाचा नाद आकारमानापुरता सोडून फक्त ड्रोनवर काम केले असते. हे सर्वस्वी तुमच्या पात्राच्या रुंदीवर अवलंबून आहे आणि मला ते इथून दिसत नाही. उपग्रह वरून जाण्याच्या दिवशी, साडेदहाच्या मागेपुढे, प्रत्येक तुकड्यात नऊ ठिकाणी हातातल्या कॅमेऱ्याने मोजपट्टी ठेवून छायाचित्र, त्याच जागी पापुद्र्याचा चिकटपट्टीवरील नमुना आणि वरच्या पाच मिलिमीटरचा ओलाव्याचा नमुना हवाबंद डबीत घेतला असता. दुपारी त्याच तुकड्यांवर ५ मीटरवरून ड्रोन. सच्छिद्रतेची कडी तुकड्यामागे तीन.

उपग्रहाकडून मग मिलिमीटरमधला मध्यक मागितला नसता. कोरडी वाळू, ओली वाळू, काळ्या खनिजांची वाळू, वाळू-खडीची मिसळ, गोटे आणि झाडोरा असे वर्ग मागितले असते, आणि वाळू ज्या पिक्सेलांत निर्विवाद कोरडी आहे तेवढ्यातच बारीक आणि भरड असा भेद करून पाहिला असता. एकाच पट्ट्याच्या पावसाळ्यानंतरच्या आणि पूर्ण कोरड्या दिवसांतल्या अशा दोन प्रतिमा तुलनेला घेतल्या तर ओलाव्याचा वाटा किती, हे आपोआप उघडे पडते. हा प्रयोग तुम्ही आजच, जमिनीवर न जाताही करू शकता.

जुन्या ४० पिशव्या अजून जपून ठेवलेल्या असतील तर त्या टाकू नका. पापुद्र्याची तुलना त्यांच्याशी होणार नाही, पण त्यांतली वाळू भिंगाखाली पसरून आणि चुंबक फिरवून तिन्ही पट्ट्यांत काळ्या कणांचे प्रमाण किती वेगळे आहे, हे पाहता येईल. इल्मेनाइट साध्या चुंबकाला फारसे दाद देत नाही, म्हणून चुंबकाला चिकटलेले कण तेवढे मोजून थांबू नका, काळे कण डोळ्यांनीही मोजा. चौथ्या पट्ट्यावरून मूठभर वाळू आणून तिच्याही कणांची अशीच मोजणी केलीत, तर मॉडेल तिथेच का अडखळले याचे उत्तर बहुधा त्या मुठीतच सापडेल. ती चार प्रमाणे आणि प्रतिमांच्या तारखा कळवा, म्हणजे पुढे कोणता तरंगपट्टा वगळायचा ते ठरवता येईल.